मास्टरांचा दंड

“बाई, तीन किलो वाढलं!” नवरा वजनकाट्यावरून उतरायच्या आतच मास्टरांच्या बायकोने जाहीर केलं. “रोज अंडं, दूध, झोपताना पुन्हा खाणं. हात धुऊन मागे लागले होते यांच्या.”

आहारतज्ज्ञ बाई नुसत्या हसल्या. यकृताच्या वॉर्डात सतरा वर्षं काढल्यावर वजनकाट्यावर कोण विश्वास ठेवणार? ते तीन किलो पोटात साठलेल्या पाण्याचे होते. खरं काय ते दंड सांगतो. यकृत बदलण्याचं ऑपरेशन सोसेल एवढं मांस अंगावर आहे का, ते तिथे कळतं. शुक्रवारी डॉक्टरांच्या बैठकीत मास्टरांचं नाव निघणार होतं. दंड बावीस सेंटिमीटरच्या खाली भरला, तर ते मागे पडणार होतं.

बाईंनी दंडाभोवती टेप गुंडाळली. बायको श्वास रोखून बघत होती. बाईंची बोटं जरा ढिली पडली.

“बावीस,” त्या म्हणाल्या. दया आली म्हणावं, तर तसंही नव्हतं. आणखी एक चेहरा पडताना बघायचा त्यांना कंटाळा आला होता, एवढंच.

मास्टरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले होते. त्यांनी टेपखाली हळूच बोट सरकवलं.

“बाई, बोट जातंय आत. शर्टाला आम्ही एवढं लूज ठेवतो. अंगाचं माप असं नाही घेत.”

“अहो, गप्प बसा ना!” बायको उसळली. “त्या म्हणतायत ना बावीस!”

“टेबलावर झोपवल्यावर ते बावीस कुठून आणू? घ्या बाई, नीट घ्या.”

टेप कातडीला टेकली. साडेवीस. बाईंनी तेच लिहिलं. बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

निघताना मास्टर म्हणाले, “तुमच्या कोटाची बाही दोन बोटं लांब आहे. किती दिवस दुमडणार? बरा झालो की कमी करून देतो.”

“द्या,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी नाव मागे पडलं. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं.

पाचव्या आठवड्यात बायको एकटीच आली. काय खाल्लं ते लिहायला दिलेली वही तिने टेबलावर ठेवली. सोमवारपर्यंतची पानं भरलेली होती.

“एक वेळ चुकवली नाही त्यांनी,” ती म्हणाली. “तुम्ही बावीसच लिहिलं असतं तर?”

बाईंना खरंच ठाऊक नव्हतं. कदाचित वाचले असते. कदाचित ऑपरेशनच्या टेबलावरच गेले असते. तसं त्यांनी सांगितलं. ती मान हलवून निघून गेली. बाईंना रडू आलं नाही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

बाहेर पुढचा पेशंट बसला होता, सोबत त्याची आई. बाईंनी त्यांना आत बोलावलं, कोटाची बाही दोनदा दुमडली आणि टेप लावली. मग टेपखाली बोट घालून पाहिलं. जात नव्हतं. त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला.