काटक्या नव्हेत, घरटं आहे ते!

मित्रांनो, मी एक जुनी रानपारवी आहे. जुनी म्हणजे या रानातली जुनी. म्हातारी म्हणाल तर चोच मारीन. आणि आधीच सांगून ठेवते, तुमच्या खिडकीवर घाण करून घुमणाऱ्या कबुतरांच्या पंक्तीला मला बसवू नका. ती आमची लांबची भावकी आहे, हे मी नाकारत नाही. भावकी कोणाला चुकली आहे? पण त्यांनी पोटासाठी माणसाचा उंबरा धरला. आमच्या सात पिढ्यांत कोणी फेकलेला दाणा टिपलेला नाही.

माझं रूप आताच नीट पाहून घ्या. डोकं राखाडी, पाठ तांबूस, चोच मुळाशी लाल. ऊन पडलं की खांद्यावर जांभळी-हिरवी झाक उमटते. आणि मान! मानेवर काळ्या-पांढऱ्या पिसांच्या अशा चौकड्या आहेत की सोंगट्या मांडून डाव खेळावा. अंगानं मी गावकबुतराहून थोराड. तरीही लोक म्हणतात, "कबुतर म्हणजे कबुतर." असल्या माणसांच्या डोळ्यांचा उपयोग काय, फक्त चोळायला?

आम्ही डोंगरमाथ्यावरच्या सदा ओल्या, दाट रानात राहतो. तेही शेंड्याजवळ. तिथली फळं आम्ही अख्खी गिळतो आणि बी कुठल्या कुठे नेऊन टाकतो. निम्मं रान आमच्या पोटातून उगवलं आहे. तुमच्यापैकी कोणी एक तरी झाड लावून जगवलं आहे का? बोला की! आता का गप्प?

आम्ही वर्षाला एकच अंडं घालतो. दिवसा त्यावर आमचे हे बसतात. दुपार कलली की मी बसते, ती सकाळपर्यंत. घरटं म्हणजे मोजून बारा-पंधरा काटक्या. खालून पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं. नवी नवी होते तेव्हा मी जास्त काटक्या आणल्या, तर सासूबाई कडाडल्या होत्या, "दाट घरटं चोराला दिसतं. विरळ घरटं पाचोळ्यात खपतं. आणि बसलीस की हलायचं नाही!" त्यांचा आणखी एक नियम होता. पिल्लू बाहेर आलं की अंड्याचं कवच चोचीत धरून दूर दरीत टाकायचं. झाडाखाली खूण ठेवायची नाही. या नियमांवर मी चौदा पिल्लं उडवली. उगीच नाही मान ताठ!

यंदाचं पंधरावं. अंडं घालून पंधरा दिवस झाले आणि खालून माणसं आली. रानातला रस्ता रुंद करायचा होता. फीत घेतलेला मोजणीवाला आणि त्याच्यामागे पांढऱ्या रंगाचा डबा घेतलेला करवतवाल्यांचा मुकादम. त्यांचा कायदा असा, की घरटं असलेलं झाड पिल्लू उडेपर्यंत तोडायचं नाही. बाकीच्यांवर फुली मारायची.

मोजणीवाल्यानं मान वर केली. "काय हो, वर काहीतरी आहे ना?"

"कुठं? त्या चार काटक्या?" मुकादम हसला. "वाऱ्यानं अडकल्यात, साहेब. असं घरटं बांधलं तर बायको माहेरी जाईल."

"आणि पाखरू?"

"पाखरू असतं तर हललं नसतं?"

आमचे हे खरंच हलले नाहीत. शेपटीचं टोकसुद्धा नाही. खाली सप्पकन फुली बसली. मी शेजारच्या झाडावरून पाहत होते आणि आतून नुसती पेटले होते. ज्या कारागिरीचा जन्मभर तोरा मिरवला, तीच मुळावर आली.

दुपारी पाळी बदलताना मी ह्यांना धारेवर धरलं. "अहो, जरा तरी फडफडायचं होतं!"

"अगं, हलायचं नाही, हे आईनंच शिकवलंय ना?"

"तुमच्या आईच्या वेळी फुल्या होत्या का?"

यावर ह्यांनी डोळे मिटले. पुरुषांना हे एक बरं जमतं.

चौथ्या सकाळी अंडं फुटलं. बोटभर पोर, अंगावर पिवळी विरळ लव, डोळे बंद. त्याच सकाळी करवत सुरू झाली. आमच्या झाडाआधी फक्त चार झाडं होती. मी कवच उचललं आणि सवयीनं दरीकडे निघाले. मग खाली पाहिलं.

खाली बी वेचणारी ताई बसली होती. ती रोपं वाढवते. पाखराच्या पोटातून पडलेलं बी चांगलं रुजतं म्हणून आम्ही बसतो त्याच झाडांखाली वेचत फिरते. ती मुकादमाची थोरली बहीण. तिची जीभ माझ्यासारखीच, म्हणून मी तिला खपवून घेते. मी गिरकी मारली आणि सासूबाईंचा नियम मोडून कवच थेट तिच्या टोपलीत टाकलं.

तिनं ते उचललं, आत पाहिलं आणि उभी राहिली. "ए, बंद कर ती करवत!"

"ताई, आता काय झालं?" मुकादम वैतागला.

"हे बघ. आतला पदर अजून ओला आहे. आजच फुटलंय. वर पिल्लू आहे!"

मोजणीवाल्यानं कवच उलटंसुलटं केलं. "कबुतराचं दिसतंय. त्यांना काय, उद्या दुसरीकडे बसतील. कुठंही चालतं त्यांना."

कुठंही चालतं! मला वाटलं, याच्या डोक्यावरच उतरावं.

"साहेब," ताई म्हणाली, "तुमच्या छपरावरची कबुतरं एवढ्या उंच काय हवा खायला येतात? हा रानपारवा आहे."

"पण मला तर काहीच दिसत नाही."

"दिसेल कसं? तोंड मिटाल तेव्हा ना! दुपार कलेपर्यंत गप्प उभे राहा. तेव्हा ती पाळी बदलायला येते."

आणि ते राहिले बरं का! तिच्यापुढे कोणाची टाप नव्हती. मी एरवी चोरपावलांनी घरट्यावर येते. त्या दिवशी मात्र पंख असे फटाफटा वाजवले की पानं झडली. आमचे हे उठले. पोरानं भुकेनं डोकं वर काढलं.

मोजणीवाल्यानं आ वासला. मुकादम पुटपुटला, "इतकं विरळ घरटं असतं होय?"

"विरळ तुझी नजर आहे," ताई म्हणाली.

करवत आमचं झाड सोडून पुढे गेली. माझ्या पोरानं चोविसाव्या दिवशी झेप घेतली. मोजणीवाला मुद्दाम फोटो काढायला आला होता. कचेरीत त्याची पाठ थोपटली म्हणे, "पिल्लू वाचवलंस!" मुकादम हे सांगत होता तेव्हा ताईनं वरसुद्धा पाहिलं नाही. "हो, आणि झाड?" एवढंच म्हणाली.

त्या बोलण्याच्या आदल्याच दिवशी करवत परत आली होती आणि झाड पडलं होतं. पोर उडाल्यावर तिसऱ्याच दिवशी. कायदा पाळला होता, मित्रांनो! अगदी काटेकोर पाळला होता!

पोराला मात्र कायदा कळत नव्हता. ते भूक लागली तसं परत आलं, आणि आपली फांदी जिथं होती तिथं, उघड्या हवेत, पाय टेकायला जागा शोधत घिरट्या घालत राहिलं. ते मी पाहिलं. फोटो काढायला तेव्हा कोणी नव्हतं.

मुलांनो, पिल्लू उडालं म्हणजे घर रिकामं झालं असं समजू नका. त्याच झाडावर आम्ही जेवतो, पावसात अंग चोरतो, पुढच्या वर्षी पुन्हा काटक्या ठेवतो. माझी कीव करू नका, ती मला सोसत नाही. रानात गेलात तर तोंड मिटा, मान वर करा आणि तासभर तरी उभे राहा. मोठेपणी तुमच्या हातात रंगाचा डबा आला, तर आधी तेवढं करा.

पोराला मी पलीकडच्या दरीत नेलं आहे. तिथं फळाला आलेलं एकच झाड आणि आधीच सात घरं त्यावर जेवतात. मी पोराला पुढे सारते आणि स्वतः मागे बसते. रागानं पोट भरत असतं, तर आज माझ्याइतकं तृप्त या रानात कोणी नसतं.