खुनी सुटते ते पुस्तक

खुनाच्या पुस्तकावरून आमच्या डोणगावात बायांची भांडणं होतात, असं म्हटलं त कोणीबी हसन. पण माह्या शिलाईच्या खोलीत होतात बाप्पा, अन् चांगली कडाक्याची होतात. दुपारी मशिनी बंद करून आम्ही हातशिलाईले बसतो. तुरपाई, हूक, काज. तवा मोठ्यानं वाचायचं काम माह्याकडे.

राखीले खुनी वळखायचा नाद. दुसऱ्याच पानावर म्हणते, "समीनाआपा, हाच!" अन् चुकली की लेखकालेच शिव्या देते. पुस्तकं विमलबाईची, त्या आमच्या शाळेतल्या रिटायर बाई. त्यांचं म्हणणं, खून कोणी केला यात काय मोठं, का केला ते पाहा. जनकामावशी या भांडणात कधी पडत नाही. नवीन पुस्तक काढलं की एवढंच इचारते, "सापडते ना वं तो शेवटी?"

तिची लेक सुनंदा सासरच्या विहिरीत सापडली. नवऱ्यानंच ढकललं हे साऱ्या गावाले माहीत, पण पुरावा नाही म्हणून कोर्टातून सुटला मेला. आता मेहकरच्या बाजारात मिशा पिळत फिरते.

अन् या खेपेचं पुस्तक नेमकं तसंच निघालं. नवराच बायकोले मारते. आधी घरी वाचून ठेवायची माही सवय, नाही त वाचताना अडखळायले होते. काल शेवट वाचला अन् पुस्तक दूर सारून देल्लं. खुनी सुटते! सरळ सुटते, अन् दुसरं लगन करते.

आज बाया यायच्या आधी मी विमलबाईले गाठलं. "बाई, हे मावशीपुढं मी वाचणार नाही. शेवट बदलून सांगीन."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं लिहिलं ते अक्षर न् अक्षर तसंच वाचायचं. नाहीतर माझं पुस्तक आण इकडे."

माह्या डोक्यात तिडीक गेली. "पुस्तकाले जीव हाय का बाई? मावशीले हाय!"

तेवढ्यात मावशी दारात उभी. पण तिनं काही ऐकलं नव्हतं, येऊन आपल्या जागेवर बसली.

मी उरलेलं पुस्तक वाचायले लागली. मावशी ब्लाउजले हूक लावून राह्यली होती, पण ध्यान सारं माह्या तोंडाकडं. कोर्टाचं प्रकरण आलं. इथून पुढं नजर पुस्तकावर अन् तोंडात माहंच.

"'तेव्हा मुलीची आई उठली,'" मी वाचल्यासारखं म्हटलं. "'तिने लेकीची पेटी कोर्टात आणली होती. साडीच्या घडीतून जावयाच्या शर्टाचं तुटकं बटन निघालं. रक्ताने माखलेलं.'"

खुन्याले फाशी देऊनच थांबली मी. राखीनं टाळी वाजवली. "पाह्य! म्हटलं होतं का नाही, नवराच!" विमलबाई चष्म्यावरून माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. मी मनात म्हटलं, पाहा, आता काय करता?

मावशीच्या हातातलं ब्लाउज खाली पडलं.

"सुनंदाची पेटी आली होती माह्याकडं," ती म्हणाली. "म्यां उघडलीच नाही वं. साऱ्या साड्या तशाच्या तशा पैनगंगेत सोडून देल्ल्या. पाहायचा जीवच झाला नाही." मंग तिचा आवाज चढला. "त्यात असन काही, त म्यांच वाहून देल्लं ना? मायनंच सोडवलं ना त्याले?"

या अल्ला, मी काय करून बसली! "मावशी, खोटं हाय ते! माह्या मनाचं सांगितलं मी. पुस्तकात तो सुटते!"

"आता मले समजवू नको." ती कपाळावर हात मारून घ्यायले लागली. राखीनं हात धरले, त झिडकारून देल्ले. "मघा वाचलं ते खरं, का आता म्हणते ते खरं? तुह्या तोंडाचं काय खरं मानू मी?"

मी घाईघाईनं ते पान काढायले लागली.

विमलबाई उठल्या. माह्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. "जनकाबाई, मी वाचते. मी कधी एक शब्द इकडचा तिकडे करते का?"

मावशीनं कपाळावरचा हात खाली घेतला. सुनंदाले त्यांनीच शिकवलं होतं. बाई वाचतील ते खरं, यात तिले शंका नव्हती.

त्यांनी शेवटचं प्रकरण काढलं अन् वाचू लागल्या. साक्षीदार फिरले. जज्जानं सोडून दिलं. तो हसत बाहेर आला. सारं पुस्तकात होतं तसंच. राखी "हॅट्!" म्हणाली, तिच्याकडं कोणी पाह्यलं नाही. मंग बाईचा आवाज जरासा अडखळला.

"'आईने लेकीची पेटी उघडली. प्रत्येक साडी झटकून पाहिली, घडी न् घडी उलगडली. पेटीत काहीही निघालं नाही.'"

पुस्तकात पेटीचं नावबी नाही. कालच वाचलं होतं मी.

मावशी बाईच्या तोंडाकडं पाहत राह्यली. "काहीच नाही?"

"काहीच नाही. इथं लिहिलंय."

"मंग म्यां सोडल्या त्या..."

"साड्याच होत्या त्या, जनकाबाई. नुसत्या साड्या."

मावशी पदर तोंडाले लावून हमसून हमसून रडली. कोर्टाच्या निकालालेबी अशी रडली नव्हती. मी तिले पोटाशी धरलं. ती ढकलून देईन असं वाटलं, पण तिनं माहा हात घट्ट धरला.

राखी कुरकुरलीच. "असा कुठं शेवट असते का? बाई, द्या बरं ते पुस्तक, मी घरी नीट वाचून पाहीन."

"नाही," विमलबाई म्हणाल्या. पुस्तक त्यांनी पिशवीत कोंबलं अन् पिशवी मांडीखाली घेऊन बसल्या. "हे पुस्तक आता कोणाला मिळणार नाही."