फरक आढळला नाही

सुचिता तांबेला आकड्यांची भीती कधीच नव्हती. बोर्ली पंचतन सोडून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं उपकेंद्र होतं, आणि आरोग्यसेविका म्हणून नऊ वर्षं ती आकडेच लिहीत आली होती: वजनं, हिमोग्लोबिन, रक्तदाब, लशींच्या तारखा. महिनाअखेरीला हे कागद वर पाठवायचे की काम संपलं. त्या आकड्यांना प्रश्न कसा विचारायचा, हे तिला पहिल्यांदा शिकवलं विवेक सरांनी.

डॉ. विवेक करंदे पनवेलच्या एका खाजगी संशोधन संस्थेत होते. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी मराठीतून सहा महिन्यांचा ऑनलाइन वर्ग सुरू केला होता. रविवारी सकाळी बावीस जण जमत, त्यातले बरेचसे कॅमेरा बंद करून घरातली कामं उरकत. सुचिता मात्र वही घेऊन बसायची. सर शिकवायचेही सुरेख. दोन बागांतल्या सुपाऱ्या घ्या, ते म्हणायचे. दोन्ही बागा सारख्याच आहेत असं आधी धरून चाला. हीच शून्य परिकल्पना. मग दोन्हीकडची एकेक मूठ उचला आणि वजन करा. मुठींत फरक दिसला तर विचारा, बागा खरंच सारख्या असत्या तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक कितीदा पडला असता? शंभरात पाचदापेक्षा कमी, तर बागा सारख्या आहेत हे म्हणणं सोडून द्या. हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं, त्या दिवशी तिने तळा गावी फोन करून निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

तिच्याकडे स्वतःचा एक प्रश्न होता. तीन वर्षांपूर्वी खाडीच्या बांधाला खांड पडून भरतीचं पाणी आत घुसलं, तेव्हापासून खालच्या वाडीच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. वरच्या वाडीला डोंगरातल्या झऱ्याचं गोडं पाणी. खालच्या वाडीतल्या बायकांचे रक्तदाब चढे लागतात, असं तिला तपासताना सारखं वाटायचं. तिने हे सरांना सांगितलं आणि सर चक्क गाडी काढून आले. दोन्ही वाड्या फिरले, विहिरीचं पाणी चाखून पाहिलं, खालच्या वाडीतल्या कोकिळाच्या पडवीत बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी जेवले. जाताना म्हणाले की प्रश्न तुमचा आहे, अहवालावर पहिलं नाव तुमचंच राहील.

तीस ते साठ वयाच्या बायका खालच्या वाडीत एकशे अठ्ठेचाळीस होत्या, वरच्या वाडीत त्याहून थोड्या जास्त. सुचिताची सगळ्यांना तपासायची तयारी होती. सरांनी तीस आणि तीस पुरे, असं सांगितलं. तीस झाले की नमुना मोठाच धरतात. वर्गाच्या पुस्तकात पुढे ‘चाचणीची ताकद’ नावाचा एक धडा होता. त्यात नमुना किती घ्यायचा हे दिलंय का, असं तिने वर्गात विचारलं.

“तो धडा आपल्याला लागत नाही,” सर म्हणाले. “सोडून द्या.”

तिने सोडून दिला.

बायका तयार होईनात. याआधीही माणसं येऊन पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली होती, पुढे कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी कोकिळानेच पहिला हात पुढे केला. बचतगटाची ती प्रमुख, तिचा शब्द वाडीत चालायचा. तिने बाकीच्यांना सांगितलं, “सिस्टर आपली हाय. ती फसवायची न्हाय.” दोन दिवसांत तीस जणी झाल्या.

आकडे आले. खालच्या वाडीतल्या बायकांचा वरचा दाब सरासरी पाचाने जास्त होता, पण पी व्हॅल्यू निघाली ०.१४. म्हणजे दोन्ही वाड्या सारख्या असत्या तरी एवढा फरक शंभरात चौदा वेळा नुसत्या योगायोगाने दिसला असता. सरांनी विचारलं, काय लिहाल? सुचिताने लिहिलं, ‘दोन गटांत सांख्यिकीदृष्ट्या सार्थक फरक आढळला नाही.’ तिला वाईट वाटलं, आणि आपल्या मनाविरुद्ध गेलेलं उत्तर आपण मान्य केलं याचा थोडा अभिमानही वाटला. सरांनी वर्गासमोर तिचं कौतुक केलं.

एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीत नळयोजनेची बैठक भरली. सरपंच येसाजी, वाडीतली पंधरावीस माणसं आणि योजनेचे एक साहेब. साहेबांनी अहवाल वर धरून सांगितलं की विहिरीच्या पाण्याने तब्येतीत काही फरक पडत नाही हे संशोधनानेच सिद्ध झालंय, तेव्हा खालच्या वाडीचा नंबर पुढच्या टप्प्यात घेऊ. मग त्यांनी संशोधकांची नावं वाचली. पहिलं नाव सुचिता तांबे. येसाजींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बाहेर कोकिळा थांबली होती.

“तुमीच लिवलंत?”

“मी ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलं होतं, कोकिळाताई. ‘फरक नाही’ असं नाही.”

“आमाला त्यातला फरक कसा कळनार?” कोकिळा म्हणाली आणि बायकांबरोबर चालू लागली.

घरी येऊन सुचिताने तो सोडलेला धडा काढला. दोन वेळा वाचूनही डोक्यात गेला नाही. तिसऱ्या वेळी तिने सरांच्याच सुपाऱ्या समोर ठेवल्या. मूठ लहान असेल तर बागा वेगळ्या असूनही कळत नाही. एवढंच तर होतं ते. मग तिने आपल्याच अभ्यासाचे आकडे घालून गणित केलं. वाड्यांमध्ये खरोखर पाचाचा फरक असता, तरी तीस आणि तीस बायकांत तो सापडण्याची शक्यता तीनात एक होती. धड सापडायला हवा असेल तर प्रत्येक गटात एकशे सहा जणी हव्या होत्या.

सरांच्या नजरेतून सुटलं असेल, असंच तिला वाटलं. मोठ्या माणसांकडूनही चुका होतात. त्यांना नीट कळवावं म्हणून तिने संस्थेच्या कार्यालयाकडून अभ्यासाची फाईल मागवली. कार्यालयाने ती बिनदिक्कत ईमेलने पाठवून दिली. त्यात मूळ आराखडा होता. ‘प्रत्येक गटात किमान १०६’ असं छापलेलं, त्यावर काट मारलेली, आणि शेजारी सरांचं ओळखीचं तिरकं अक्षर: ‘मार्चअखेर अहवाल हवाय. ३० + ३० करू. बहुधा फरक येणार नाही, चालेल.’ खाली तारीख होती. सर वाडीत आले, भाकरी जेवले, त्याच्या अकरा दिवस आधीची.

शनिवारी रजा टाकून ती एसटीने पनवेलला गेली. सरांनी चहा मागवला. तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“एकशे सहा तुम्हाला माहीत होते, सर.”

त्यांनी नाकारलं नाही. नळयोजनेच्या लोकांना मार्चअखेरपर्यंत काहीतरी हातात हवं होतं, ते सांगू लागले. उशीर झाला असता तर अभ्यासच रद्द झाला असता आणि वाडीचा विषय कागदावरही आला नसता. मग थोडे पुढे झुकून त्यांनी विचारलं, “अहवालात एक तरी वाक्य खोटं आहे का? दाखवा मला.”

तिने शोधलं होतं. एकही नव्हतं.

“पण मी विचारलं होतं तुम्हाला. त्या धड्याचं. तुम्ही सोडून द्या म्हणालात.”

“कारण तुम्हाला मी ओळखतो,” सर म्हणाले, आणि शाबासकी द्यावी तसे हसले. “तो धडा कळला असता तर तुम्ही त्या बायकांना तयार केलं नसतंत. तुमच्याशिवाय त्यांनी कुणाला हात दिला नसता.”

चहा तसाच ठेवून ती उठली. परतीच्या गाडीत पेणपर्यंत तिला रडू आलं नाही. मग आलं, आणि शेजारच्या बाईने काही न विचारता खिडकीची जागा दिली.

तिने संस्थेला पत्र लिहून अहवालातलं आपलं नाव काढायला लावलं. नाव निघालं, अहवाल तसाच राहिला. मग ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉ. भक्ती यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून फेरतपासणीची परवानगी मिळवली. या वेळी प्रश्न काय, बायका किती, कशाला फरक म्हणायचं, हे सगळं सुचिताने एकही पट्टा दंडाला बांधण्याआधी कागदावर उतरवलं आणि त्यावर भक्ती मॅडमची सही घेतली.

खालच्या वाडीत ती घरोघर गेली. मला अर्धंच शिकवलं होतं, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर मी तुमच्याकडे आले, असं तिने प्रत्येक दारात सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दार लावून घेतलं. वरच्या वाडीत एकशे सहा लवकर झाल्या, इथे तेवढ्या व्हायला पावसाळा संपला. फरक पाचाचा नव्हे, चाराचा निघाला, आणि पी व्हॅल्यू ०.०२५. भक्ती मॅडमनी ते तालुक्याला पाठवलं. दिवाळीनंतर वाडीत टँकर सुरू झाला. नळाचं काम विचाराधीन आहे, असं उत्तर आलं.

कुठून तरी विवेक सरांना कळलं. त्यांचा मेसेज आला, ‘अभिनंदन. माझी विद्यार्थिनी म्हणून अभिमान वाटतो.’ तिने चार ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि उत्तर दिलंच नाही. त्या सुपाऱ्या त्यांच्याच होत्या, हे तिला नाकारता येत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

कोकिळा एकशे सहांत नव्हती. टँकर यायला लागल्यावर सुचिता तिच्या पडवीत गेली, फेरतपासणीतून काय निघालं ते सोप्या शब्दांत सांगितलं. कोकिळा तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं.

“बरं झालं. वाडीचं भलं झालं.” मग सूप बाजूला ठेवून शांतपणे म्हणाली, “पन मी काय आता हात द्यायची न्हाय, सिस्टर. राग न्हाय. होत न्हाय आता.”

सुचिताने आग्रह केला नाही. रक्तदाबाचं मशीन पिशवीतून बाहेर न काढताच ती थोडा वेळ पडवीत बसली, आणि मग पुढच्या घराकडे गेली.