लिंबूचे आठ ठोके

माजी नौसैनिक संघाचं वार्तापत्र दर महिन्याला निघायचं आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोसन एकटाच लिहायचा. कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कुणाला नात झाली, कुणाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, संघाच्या खोलीचं छत या खेपेला कुठल्या कोपऱ्यात गळतंय, सगळं त्यात असायचं. शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत गेलेल्याचं नाव आणि निरोपाची वेळ. म्हातारे आधी शेवटचं पान उघडतात, चौकटीत आपण नाही ना एवढं बघतात आणि मग निवांत पहिल्या पानाकडे वळतात, असं बोसनच सांगायचा.

बोसन म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नोकरी सुटून एक पिढी उलटली, केस गेले, दात बदलले, पण हुद्दा चिकटला तो चिकटलाच. बायकोसुद्धा रागावली की त्याला 'बोसनसाहेब' म्हणायची. माणूस कडक, नाकावर माशी बसू न देणारा. संघाच्या खोलीत एखादी खुर्ची जरा तिरकी दिसली तरी याला चहा गोड लागायचा नाही.

या महिन्याच्या काळ्या चौकटीत लिंबू होता.

लिंबू हा जहाजावरचा आचारी. त्याच्या खिशात सदानकदा एक लिंबू असायचं, म्हणून सगळे त्याला लिंबू म्हणायचे. का असायचं, हे कुणी विचारलं नाही. आचाऱ्याच्या खिशात लिंबू नाही तर काय होकायंत्र असणार? निवृत्त झाल्यावर त्यानं संघाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दर रविवारी बैठक भरली की बाहेरून कुणीतरी ओरडायचं, "लिंबू, चहा झाला का?" आतून उत्तर यायचं, "आलो." आणि आलो म्हटल्यावर तो बराच वेळ यायचा नाही. तो, बोसन आणि संघाचे अध्यक्ष कप्तान, तिघं एकाच जहाजावर होते. बोसनची तर अशी पक्की समजूत होती की लिंबूच्या पोटात काय आहे ते आपल्याला न सांगता कळतं.

संघाची एक रीत होती. सभासद गेला की त्याच्या घरच्यांनी राख संघाकडे द्यायची. येणाऱ्या रविवारी सगळ्यांनी कोट चढवून, पदकं लावून धक्क्यावर जमायचं, लाँचमध्ये बसून बंदराच्या बाहेर जायचं, तिथं घंटेचे आठ ठोके द्यायचे आणि बोसननं स्वतःच्या हातानं राख पाण्यात सोडायची. जहाजावर पहारा संपला की आठ ठोके पडतात. माणसाचा पहारा संपला म्हणून तेच आठ ठोके. तसा ठरावच होता. बोसननंच मांडलेला, आणि भरल्या सभेत सगळ्यांनी हात वर करून मंजूर केलेला. लिंबूनंही हात वर केला होता. फक्त निरोपाच्या दिवशी तो कधी लाँचमध्ये आला नाही. "तुम्ही या जाऊन, मी चहाचं बघतो," म्हणायचा. चहाचं कुणीतरी बघायलाच हवं, म्हणून तेही सगळ्यांना पटायचं.

निरोपाच्या दोन दिवस आधी, दुपारच्या वेळी, बोसन लिंबूच्या घरी गेला. काखेत तांब्याचा डबा होता. संघातल्या इंजिनवाल्यानं तो स्वतःच्या हातानं ठोकून बनवला होता. लिंबूची बायको पलंगावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. बोसननं रविवारचा सगळा कार्यक्रम सांगितला, लाँच किती वाजता सुटेल, कप्तान काय बोलतील, वहिनींनी कुठं बसायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातला अभ्रा खाली ठेवला आणि समुद्रात नको म्हणाली.

बोसनला वाटलं, बाईमाणूस आहे, हळवी झाली असेल. त्यानं समजुतीच्या स्वरात ठराव सांगितला. लिंबूनं हात वर केला होता हेही सांगितलं. त्याची ती इच्छा होती, मी साक्षीला आहे, म्हणाला.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यांना बोट लागायची."

बोसन हसला. नव्या पोरांना पहिल्या फेरीत लागते तशी सगळ्यांनाच लागते, म्हणाला.

"पहिल्या फेरीत नाही. पहिल्या दिवसापासून नोकरी सुटेपर्यंत. नांगर उचलला की सुरू. ते लिंबू कशाला होतं असं वाटलं तुम्हाला? हुंगायला होतं."

मग ती शांतपणे सांगत गेली. रांधायचं, ओकायचं, तोंड धुऊन पुन्हा रांधायचं. भट्टीच्या धगीनं चेहरा तसाही लाल असायचा, त्यात कुणाला काय कळणार? पिठाच्या पिंपामागे एक बादली असायची. बोसनला ती बादली आठवली. भर वादळात ती डेकभर गडगडत आली म्हणून त्यानं लिंबूला चार लोकांत झापलं होतं. आणखीही एक आठवलं. नव्या पोरांना बोट लागली की तो त्यांना सगळ्यांसमोर उभं करून म्हणायचा, ज्याला बोट लागते त्यानं किराणा मालाचं दुकान टाकावं. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं लिंबू हसायचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. लिंबू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हुंगत होता आणि यांना दिसला नव्हता. बोसनला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो पहिल्यांदा लिंबूवरच आला. इतक्या वर्षांत या माणसानं ताकास तूर लागू दिली नाही. मग हात का वर केला, असं त्यानं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"सगळ्यांनी केला म्हणून केला. तुमच्यात राहायचं होतं त्यांना. समुद्र नको होता, तुम्ही लोक हवे होतात." ती उठली, आतून राखेची पिशवी घेऊन आली आणि तांब्याच्या डब्यात ठेवून तिनं झाकण लावलं. "ठराव आहे तर मी आड येत नाही. पण रविवारी हा डबा मी तुमच्याच हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही. कुठं ठेवायचं त्यांना ते तुम्ही ठरवा. आणि हे बाहेर सांगायचं नाही. त्यांनी जन्मभर झाकलं, ते मी आज उघडं पाडणार नाही."

बोसननं शब्द दिला आणि देऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कात्रीत सापडलो. लिंबूला समुद्रात टाकायचं नसेल तर कारण सांगायला हवं. कारण सांगावं तर लिंबूचं हसं होणार, आणि संघातली म्हातारी मंडळी हसण्याच्या बाबतीत मेलेल्यालाही सोडत नसत. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची तर मुकाट्यानं लाँचमध्ये चढायचं.

घरी त्याचं जेवणात लक्ष लागेना. बायकोनं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा काही नाही म्हणून सांगितलं. शेवटी हात धुता धुता म्हणाला, "माणसाला जन्मभर एखादी गोष्ट नकोशी वाटली, तर मेल्यावर तिचं काही वाटत असेल का गं?"

"मला भोपळा आवडत नाही," बायको म्हणाली. "मेल्यावर वाढून बघा. खाल्ला तर मला सांगा."

रविवारी सकाळी वारा होता. धक्क्याला बांधलेली लाँच वरखाली होत होती आणि तिला लावलेली फळी करकरत होती. सगळे जमले. कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास, पदकं घासून पुसून लावलेली. कप्तान चार वाक्यं बोलले. लिंबूचा चहा, लिंबूचा हसरा स्वभाव, आणि शेवटी, ज्या समुद्रावर त्यानं जीवापाड प्रेम केलं त्याच्याच कुशीत आज तो विसावेल. हे वाक्य ते प्रत्येकाच्या वेळी म्हणत. लिंबूची बायको खाली बघत उभी होती. मग ती पुढं आली आणि तिनं डबा बोसनच्या हातात दिला.

बोसननं एक पाय फळीवर ठेवला. फळी हलली. मेलेल्या माणसाला मळमळत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. तरी त्याला पिठाच्या पिंपाआडून तोंड पुसत उठणारा लिंबू दिसायला लागला आणि दुसरा पाय उचलेना. ज्या माणसाला आयुष्यभर समुद्रावर एक घास धड पचला नाही, त्याला आपण कायमचा तिथं सोडून येणार आणि परत येऊन चहा पिणार, हे त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. त्यानं फळीवरचा पाय मागे घेतला.

"साहेब, मी येऊ शकत नाही," तो कप्तानांना म्हणाला.

"का रे?"

"मला बोट लागते."

वादळात अर्धं जहाज आडवं पडलेलं असताना जो रेलिंगला टेकून पाव खायचा, तो माणूस हे बोलत होता. इंजिनवाल्याचे कान इंजिनांनीच खाल्लेले. त्यानं पुढं होऊन विचारलं, काय म्हणतोय हा? शेजाऱ्यानं सांगून बघितलं, त्याला ऐकू गेलं नाही. तेव्हा बोसननं डबा छातीशी धरला आणि ज्या आवाजात तो एके काळी डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हुकूम द्यायचा, त्या आवाजात पुन्हा सांगितलं, "मला बोट लागते! पहिल्यापासून लागायची. आता झाकवत नाही."

आता मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. लाँचच्या चालकालाही गेलं. आधी एक जण फिसकला, मग दुसरा, आणि मग आवरेना. कुणीतरी मागून विचारलं, किराणा मालाचं दुकान कधी टाकतोस? बोसनचे कान तापले, पण तो जागचा हलला नाही.

कप्तान हसले नाहीत. ते म्हणाले की हरकत नाही, बोसननं धक्क्यावर थांबावं, डबा मी नेतो. त्यांनी हात पुढं केला. तेव्हा लिंबूची बायको पहिल्यांदा बोलली. "मी तो भाऊजींच्या हातात दिलाय. दुसऱ्या कुणाच्या हातानं नको."

कप्तानांनी तिच्याकडे बघितलं, मग बोसनकडे बघितलं. ठराव ठरावाच्या जागी, पण विधवेचा शब्द मोडून काही करायचं ही संघाची रीत नव्हती. लाँच रिकामीच परत पाठवली.

संघाच्या स्वयंपाकघराला मागचं दार होतं. दारापाशी एक बाक आणि बाकापुढं मातीचा एक तुकडा. लिंबू वर्षानुवर्षं चहाचा चोथा तिथंच टाकायचा, त्यामुळे माती काळीभोर आणि भुसभुशीत झालेली. बोसननं तीच जागा दाखवली आणि इंजिनवाल्यानं खड्डा खणला. बोसननं गुडघ्यांवर बसून राख त्यात सोडली, माती सारखी केली आणि हातानं दाबली. घंटा खोलीतून आणली, तिचे आठ ठोके पडले. शेवटच्या ठोक्याला त्याला रडू आलं आणि तो सगळ्यांसमोर रडला. लाजेनं रडतोय असं समजून दोघातिघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जमीन अजिबात हलत नव्हती, आणि त्या गोष्टीचं त्याला एवढं बरं वाटत होतं की त्यानं थापा मारणाऱ्यांना काही समजावलं नाही.

पुढच्या वार्तापत्रात त्यानं बातमी लिहिली. समारंभ संघाच्या मागच्या अंगणात पार पडला, लाँच परत पाठवली, कारण बोसनला बोट लागते. हात थांबला नाही असं नाही, पण लिहिलं. घरी अंक वाचून बायकोनं चष्मा काढला. आपल्या लग्नापासून आजवर तुम्हाला साधी बस लागलेली मी पाहिली नाही, म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बोसन बैठकीला आला, तर त्याच्या खुर्चीवर एक लिंबू ठेवलेलं. चेष्टाच होती. सगळे इकडंतिकडं बघत होते आणि इंजिनवाला नको तितका गंभीर चेहरा करून बसला होता. बोट लागणाऱ्यांना हे बरं असतं, असं कुणीतरी म्हणालं. आपला लिंबू असता तर त्यानंच खिशातून काढून दिलं असतं, असंही म्हणालं. बोसननं ते लिंबू उचललं, नखानं जरा खरवडलं, हुंगलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. मग चहाचं बघायला तो आत गेला, कारण आता ते बघायला कुणी नव्हतं.

लिंबूची बायको मागच्या दारातल्या बाकावर बसली होती. आता ती रविवारी यायची. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी का म्हणून विचारलंही नव्हतं. बोसननं आधण ठेवलं. साखरेचा डबा कुठं असतो ते त्याला सापडेना, तिनं बसल्या जागेवरून बोट दाखवलं. पाणी उकळायला लागलं होतं, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"लिंबू, चहा झाला का?"

आतली दोघंही दचकली. तिनं आधी मातीकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. हाक त्याच्यासाठीच होती. बाहेर हसण्याचा आवाज झाला, आणि पुन्हा कुणीतरी तीच हाक दिली, या वेळी जरा जोरात.

बोसननं खिशावरून हात फिरवला.

"आलो," तो म्हणाला.