उच्चभ्रूंच्या बागेतला झोपाळा

मी एक जुना झोपाळा आहे. पनवेलच्या एका वर्कशॉपमध्ये, वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. पिवळाधमक रंग देऊन मला उलव्यातल्या एका टॉवरच्या बागेत उभं केलं. माझ्यापुढे मुलांची रांग लागायची. "हा सगळ्यात उंच जातो," असं कुणी म्हटलं की मी फुलून जायचो.

मित्रांनो, दोघी माझ्या फार लाडक्या होत्या. रेवा सातव्या मजल्यावर राहायची. किशोरी ही तिच्याकडे भांडी घासणाऱ्या गोदूची मुलगी. आई वर कामाला गेली की ती खाली रेवाशी खेळायची. एक बसायची, दुसरी झोका द्यायची.

मग गेटवर नवी पाटी लागली : 'उच्चभ्रू वसाहतीत आपले स्वागत.' रेवानं आईला, विनिताला, माझ्याशेजारीच विचारलं, "मम्मी, उच्चभ्रू म्हणजे काय?"

"वरच्या वर्गातले लोक. म्हणजे आपण."

"आणि किशोरी?"

विनिता हसली. "ती कशी असेल? तिची आई भांडी घासते ना!"

रेवाला तो शब्द फार आवडला. दुसऱ्या संध्याकाळी किशोरी झोके घेत होती. रेवा सगळ्या मुलांदेखत म्हणाली, "उतर. हा उच्चभ्रूंचा झोपाळा आहे."

"मंजे काय?" किशोरीनं हसतच विचारलं.

मुलं टाळ्या पिटत ओरडू लागली, "उतर! उतर!" रेवानं तिला जोरात ढकललं. किशोरी कोपरावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

गोदू धावत आली. मागोमाग विनिता. "रेवा, तुला लागलं नाही ना? आणि हिला इथे बसायला कुणी सांगितलं?"

गोदूनं लेकीच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग विनिताकडे. आणि किशोरीच्याच थोबाडीत मारली.

"चुकली ताई. परत नाय येनार ती."

ती खरंच आली नाही. वर्षं सरली, माझा रंग उडाला, कड्या गंजल्या. मुलं मोबाईलमध्ये रमली. रेवा तेवढी अधूनमधून एकटीच येऊन बसायची.

यंदा गोदू आजारी पडली आणि तिच्या जागी किशोरी कामाला आली. हात कोपरात वाकडाच राहिलाय. ती बागेतून जात असताना माझ्यावर बसलेल्या रेवानं तिला थांबवलं.

"ओळखलंस मला?"

"हो, ताई."

दोघी एकाच वयाच्या. रेवा उठली, माझी फळी हातानं पुसली. "बस ना. मी झोका देते."

"नको. तुमची भांडी पडलीत," म्हणून किशोरी लिफ्टकडे गेली.

मित्रांनो, माझ्या कड्यांना तेल घातलंत तर बरं वाटेल. नाही घातलंत तरी मी करकरत झुलेन. पण माझ्यावर बसलेल्या कुणालाही "उतर" म्हणू नका.