चार बोटं माया

शिंप्याला आधी मशीनचाच संशय आला. त्याची अकरा वर्षांची मुलगी शाळेतून आली की मशीनवर बसायची. मशीनमधल्या फिरत्या रिळासारखी एका जागी ठरत नाही म्हणून तो तिला बॉबिन म्हणायचा. हल्ली तिची शिवण मध्येच तिरकी उडायची. त्याने सुई बदलली, पट्टा घट्ट केला. स्वतः चालवून पाहिलं, तर शिवण सरळ.

"मशीन तुम्हाला घाबरतं, बाबा."

"आणि तू कुणालाच घाबरत नाहीस, ते कापडावर दिसतंय."

त्याने तिच्या शिवणीला टेप लावली. उड्या जवळजवळ सारख्या अंतरावर होत्या. मग मशीन सोडून तो मुलीकडे बघत बसला. दर सात-आठ सेकंदांनी तिची मान किंचित खाली जायची आणि हात सैल पडायचा.

इस्पितळात डोक्याला वायरी लावल्या, पाठीतलं पाणी तपासलं. "लहानपणी गोवर झाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात महिन्यांची होती. लस नवव्या महिन्यात द्यायची होती," आई म्हणाली. "पण आठ दिवसांत खडखडीत बरी झाली."

"विषाणू गेला नव्हता. मेंदूत राहिला. फार क्वचित होतं असं."

"मग आता काढा की," शिंपी म्हणाला.

"झटके कमी करता येतील. आजार थांबवता येत नाही." मग कुणी न विचारताच डॉक्टरांनी सांगितलं, "एखादं वर्ष. थोडं कमी-जास्त."

चार महिन्यांत तिचं चालणं गेलं, मग बोलणं. अंथरुणात घालायला सोपा, मागून उघडा झगा हवा होता. शिंप्याने निळं सुती कापड घेतलं, तिचं माप घेतलं आणि खडूने आखलं. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, मूल वाढलं की उसवायला, त्याला शिंपी माया म्हणतात. त्याने बाजूंना दोन-दोन बोटं सोडली, खाली चार.

झगा घालताना बायको थांबली. "अहो, एवढी माया कशाला?"

"वाढतेय ती. पाव इंच वाढली, मोजलंय मी."

"बाजूची दुमड अंगाखाली येते. काल जुन्या फ्रॉकच्या शिवणीने कमरेवर लाल वळ उठला होता. इस्पितळातल्या नर्सबाई म्हणाल्या, जाड शिवण नको."

"इस्त्रीने दाबतो. कळणारसुद्धा नाही."

"हात घालून बघा."

त्याने मुलीच्या कमरेखाली हात सरकवला. तिचं वजन हातावर आलं. दुमड दोरीसारखी लागत होती.

मग झगा काढून तो टेबलाशी गेला. दोन्ही बाजूंची माया त्याने शिवणीलगत कापली, कडा बारीक टीप मारून बसवल्या. खालची चार बोटं मात्र तशीच ठेवली. ती पायांवर येत होती, अंगाखाली नाही.

बायकोने ती दुमड चिमटीत धरून पाहिली आणि मुलीच्या पायांवर नीट पसरली.