मेंढीच्या रक्ताची प्लेट

डॉक्टर प्रभा साने गाझियाबादच्या एका हॉस्पिटलात तेवीस वर्षं जंतू ओळखत होत्या. सहकारी डॉक्टरांचं अक्षर त्यांना कधी लागलं नाही, जंतूंचं मात्र एका नजरेत लागायचं. घशातला स्ट्रेप्टोकॉकस तर त्यांच्या खास ओळखीतला. घशाचा स्वॅब रक्त मिसळलेल्या प्लेटवर फिरवायचा, प्लेट रात्रभर उबेला ठेवायची आणि सकाळी उजेडाला धरायची. स्ट्रेप असला तर बारीक ठिपक्यांभोवतीचं रक्त विरघळून स्वच्छ कडी दिसतात. आंधळ्यालाही दिसावीत इतकी.

अट एकच, रक्त मेंढीचं हवं. माणसाच्या रक्तात जुन्या आजारांशी लढून उरलेलं काहीबाही असतं. ते जंतूला दाबून धरतं आणि कडं नीट उमटत नाही. हे त्या दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना बजावून सांगायच्या.

जुलैत शिवभक्तांच्या कावड यात्रेमुळे रस्ते बंद झाले आणि मेंढीचं रक्त आणणारी गाडी बारा दिवस फिरकली नाही. टेक्निशियन साकेतनं विचारलं, "मॅडम, ब्लड बँक में एक्सपायर्ड बॅग पडी हैं. उसी से प्लेट बना लें?"

तारीख उलटलेलं ते रक्त फेकूनच द्यायचं होतं. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये असं चालतं. प्रभाताई मीटिंगच्या घाईत होत्या. "चलो, बना लो," म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

त्याच बारा दिवसांत अक्षताचा स्वॅब आला. अक्षता म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधली नऊ वर्षांची पोर. तिची आई वैभवी प्रभाताईंना मावशी म्हणायची आणि मनापासून म्हणायची. मुलांचे डॉक्टर अँटिबायोटिक लिहायलाच निघाले होते, पण वैभवीनं त्यांना थांबवलं. "आमच्या मावशींचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू." रिपोर्टमध्ये आलं, स्ट्रेप नाही. औषध राहिलं. तापही उतरला.

तीन आठवड्यांनी अक्षताचा गुडघा सुजला, मग कोपर. ती जिना चढताना धापा टाकायला लागली. निदान झालं रूमॅटिक फीव्हर. स्ट्रेपनं धरलेला घसा औषधाविना राहिला, की कधीकधी शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. अक्षताच्या हृदयाची एक झडप गळत होती. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन, निदान एकविशीपर्यंत.

"रिपोर्ट तर चांगला होता," डॉक्टर वैभवीला म्हणाले. "मधे पुन्हा एकदा घसा दुखला असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल."

हे कानावर आलं आणि प्रभाताईंना ते तारीख उलटलेलं रक्त आठवलं. लॅबच्या फ्रिजमध्ये माणसाच्या रक्ताची एक प्लेट उरली होती. त्यांनी जपून ठेवलेला स्ट्रेप तिच्यावर लावला आणि मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवरही. सकाळी दोन्ही उजेडाला धरल्या. एकीवर लख्ख कडी होती. दुसरीवर नुसते ठिपके, घशात नेहमी असणाऱ्या निरुपद्रवी जंतूंसारखे.

अक्षताची प्लेट केव्हाच नष्ट झाली होती. कुणाला काही कळणार नव्हतं. गप्प बसायला कष्ट पडत नाहीत, तेवढं एकच काम फुकटात होतं. दोन दिवस प्रभाताईंनी ते केलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शेजारी गेल्या. अक्षता सोफ्यावर पाय लांब करून चित्र रंगवत होती. वैभवी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिचा बांध फुटला.

"मावशी, मी कसली आई यार! पोरीचा घसा पुन्हा दुखला आणि मला पत्ताच नाही. तेव्हा रोज ऑफिस, गुरुग्रामच्या चकरा... तिनं सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेल."

"पुन्हा नाही दुखला," प्रभाताई म्हणाल्या. "पहिल्या वेळीच स्ट्रेप असणार. माझी प्लेट चुकीच्या रक्ताची होती. त्यात तो लपू शकतो हे मला माहीत होतं, तरी मी ती वापरू दिली."

वैभवीनं विचारलं, "म्हणजे तेव्हा औषध दिलं असतं तर..."

"तर बहुतेक हे झालं नसतं."

गॅसवरचं दूध उतू गेलं. वैभवीनं गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाली, "जा तुम्ही."

प्रभाताई दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून आवाज आला. "डॉक्टर, त्या दिवसांत आणखी किती मुलांना असे रिपोर्ट दिलेत?"

प्रभाताई तशाच बाहेर पडल्या. दोन दिवस त्या आपल्या एका अपराधाला कुरवाळत बसल्या होत्या. बाकीच्या मुलांचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हॉस्पिटलच्या प्रमुखांना सगळं लिहून दिलं आणि लॅबचं रजिस्टर काढलं. त्या बारा दिवसांत चौतीस मुलांचे घसे तपासले होते. साकेत म्हणाला, "मॅडम, मैं कर देता हूँ फोन." त्यांनी मान हलवून नकार दिला आणि स्वतःच पहिला फोन लावला.

दहा घरी मुलं धडधाकट होती. तरी त्या प्रत्येकाला पुन्हा तपासायला बोलावत होत्या. अकराव्या फोनवर एक बाई बोलली.

"मैं डॉक्टर प्रभा साने. आपके बेटे के गले की रिपोर्ट मैंने दी थी. वो गलत हो सकती है. उसके जोडों में दर्द तो नहीं?"

"घुटने में है, दस दिन से," बाई म्हणाली. "आपको कैसे पता?"